शकुंतलेच्या रुळांवरून, रस्त्याने

यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर आणखी 76. विदर्भातल्या या नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांच्या लाइनला वेळापत्रकात कधीच नाव नव्हतं, पण यवतमाळपासून मेळघाटच्या पायथ्यापर्यंत कुणालाही विचारा, 'शकुंतला' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गाडी बंद झाली त्याला आता काही वर्षं होऊन गेली. स्टेशनं मात्र आहेत. कुठे कुलूप, कुठे नुसत्या भिंती, कुठे फलाटावर तुरीचा काड.

शकुंतलेबद्दल छापून येतं ते बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतं: स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीची राहिलेली रेल्वे. गोष्ट सुरस आहे, पण तिच्यात स्टेशनं नसतात. स्टेशनवर बसणारी, उतरणारी, तिथे नोकरी करणारी माणसं नसतात. मला ती बघायची होती, म्हणून रेल्वेच्या वाटेने, पण रस्त्याने जायचं ठरवलं. सोबतीला मामा. मामा कापूस पणन महासंघात ग्रेडर होते. कापूस मुठीत दाबून, धागा ओढून त्याची प्रत सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि या लाइनीवरची निम्मी गावं त्यांनी खरेदी केंद्रांच्या निमित्ताने पालथी घातलेली. गाडी त्यांची, चालवणार मी. "रूळ पाहाले चालली? रुळात काय पाहा लागते वं?" असं म्हणत म्हणत तेच आधी तयार होऊन बसले होते.

शनिवार : यवतमाळ ते दारव्हा

यवतमाळहून निघायला उशीर झाला. वेचणीचे दिवस होते. गावाबाहेर पडलो तर जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. आता बैलगाड्या थोड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि छोटे टेम्पो जास्त. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लटकलेला.

हे जिल्ह्याचं गाव, पण मुंबई-नागपूर मुख्य लाइन इथून चाळीसेक किलोमीटर दूर गेली. ती लाइन 1867 मध्ये नागपूरला पोचली, तेव्हा यवतमाळ पठारावरचं एक लहान गाव होतं. वणी जिल्ह्याचं नाव बदलून यवतमाळ जिल्हा झाला तोही 1905 मध्ये. मुंबईची गाडी पकडायला इथला माणूस पूर्वीपासून धामणगावला जातो, आजही जातो. मग छोटी रेल्वे काढताना ती सरळ धामणगावला का नेली नाही? मी मामांना विचारलं, तर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून शेतं दाखवली. "लोकाईसाठी काढली असती तं धामणगावले नेली असती. दारव्ह्याचा कापूस, कारंज्याचा कापूस कोण नेणार?"

मला हे उत्तर पटतं. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गोडी लागली. मुख्य लाइन त्या कापसाने भरून वाहू लागली, पण आतल्या बाजारपेठांपासून स्टेशनापर्यंत बैलगाडीचे कित्येक दिवस मोडत. ती दरी भरून काढायला मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. पेढी 1857 पासून मुंबईत धंद्यात मुरलेली होती. पहिलं महायुद्ध संपायच्या आत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर आणि पलीकडे वर्धा जिल्ह्यात पुलगाव-आर्वी अशा लाइनी उभ्या राहिल्या. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. ब्रॉड गेजचं 1676. कमी रुंदी म्हणजे कमी जमीन, हलके पूल, हलके रूळ, तीव्र वळणं चालतात, आणि म्हणून कमी खर्च. कापसाच्या गाठीला घाई नसते.

लासिन्याला रस्त्यापासून आत वळलो. स्टेशन शोधायला लागलंच नाही, रूळच आधी भेटले. फाटकाजवळ डांबराखाली दबून ते रस्ता ओलांडतात आणि पलीकडे गवतात शिरतात. खाली लोखंडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे पट्टे. खडी कुठे शिल्लक आहे ते हाताने उकरून बघावं लागलं. इथली माती काळी, कपाशीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला रूळ दर वर्षी वरखाली होतो. खडीचा थर जाड ठेवला, पाण्याला वाट ठेवली तर जमतं. तो खर्च थांबला की रूळ मातीत बसत जातो.

हे मला लाडखेडला भेटलेल्या एका म्हाताऱ्यांनी समजावून सांगितलं. ते या लाइनीवर कीमन होते. स्टेशनच्या ओट्यावर दोन-तीन जण गप्पा मारत बसले होते, आम्ही गाडीतून उतरून फोटो काढायला लागलो तर त्यांनी स्वतःच हाक मारली. कीमनचं काम म्हणजे रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी चालायचा, खांद्यावर हातोडा, हातात पाना, रूळ स्लीपरला पक्का धरणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, निसटलेली शोधून परत घालायची.

"लोखंडी स्लीपरची चावी निघाली का आवाजावरून समजे," ते म्हणाले. उठून त्यांनी रुळावर दगडाने ठोका मारून दाखवला. एक ठोका खणखणीत आला. दोन पावलं पुढे मारलेला बद्द. "इथली गेली."

मी वाकून पाहिलं. खरंच, स्लीपरच्या कानाशी नुसती खाच होती.

त्यांच्याकडून कळलेली दुसरी गोष्ट गाडीच्या माणसांची. शेवटच्या काळात स्टेशनांवर माणूस नेमलेला नसे. गाडी थांबली की गार्ड उतरायचा, खिडकीपाशी जाऊन तिकिटं फाडायचा, परत डब्यात चढून झेंडी दाखवायचा. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की पलीकडे थांबून उघडायचा आणि धावत येऊन चढायचा. ड्रायव्हर, गार्ड आणि बाकीचे धरून जेमतेम सात जणांत सगळा कारभार. लाइनीवर एकच गाडी, त्यामुळे समोरून कुणी येण्याचा प्रश्न नव्हता. वेग ताशी वीसच्या आसपास, त्यात ही फाटकं.

"मंग लोकं बसतच कायले होते?" मामांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, पण ऐकायचं होतं.

"एसटीले दीडशे लागत, इथं पंचवीसात भागे. मजुराले दीडशे म्हंजे दिवसाची मजुरी हो साहेब."

याच्यापुढे शकुंतलेच्या मालकीवरचे लेख मला जरा पोकळ वाटायला लागले.

स्टेशनची इमारत म्हणजे एक खोली आणि तिला जोडून पुढे पडवी. तिकिटाची खिडकी पडवीत उघडते. मी एरवी जुन्या इमारतींच्या प्रेमात पडणारी नाही, पण त्या खिडकीच्या फळीपाशी थोडा वेळ रेंगाळले. सागाची फळी, मधोमध पैसे सरकवण्याची जागा झिजून खोलगट झालेली, तिथे लाकडाचा रंगही वेगळा. खिडकीच्या आत कुणीतरी सरपण रचून ठेवलं होतं. फलाट जमिनीपासून फार तर वीतभर उंच. डब्याच्या पायऱ्या खाली येत असल्याने त्याला उंची लागतच नाही.

दारव्ह्याला संध्याकाळ झाली. इथल्या स्टेशनचं नाव दारव्हा मोतीबाग. लाडखेडच्या मानाने आवार प्रशस्त, कारण एके काळी इथून पुसदकडे एक फाटा जायचा. तो फार आधीच उखडून नेला. आज पुसदकडच्या रस्त्यावर कुणाला विचारलं तर रेल्वे कधी होती यावर विश्वास ठेवणार नाहीत. मोतीबागच्या आवारात मुलं क्रिकेट खेळत होती. स्टंप म्हणून रुळाखालचा एक स्लीपर उभा केलेला. तो उपटायला किती जण लागले असतील कुणास ठाऊक.

रात्री दारव्ह्यातच मुक्काम. लॉजबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जेवण मात्र चांगलं, पातोडीचा रस्सा इतका तिखट की मामाही गप्प बसले.

रविवार : कारंजा, मूर्तिजापूर

सकाळी तपोना, भाडे शिवणी, वरुडखेड अशी एकेक गावं करत निघालो. सगळ्या स्टेशनांचं वर्णन करत बसत नाही, ती एकमेकांसारखीच आहेत. एका ठिकाणी पिवळ्या पाटीवरची अक्षरं पुसट झालेली, तर दुसऱ्या ठिकाणी पाटीच नाही, नुसते दोन खांब. एका स्टेशनच्या पडवीत अंगणवाडीच्या बाईंनी वाळवण घातलेलं. आम्ही दिसताच त्या म्हणाल्या, "मोजणीवाले का?" मोठी लाइन येणार म्हणून मोजणी होणार, हे वाक्य त्या दिवशी आम्हाला वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. 2016 मध्ये शकुंतलेचं ब्रॉड गेज करण्याची घोषणा झाली, त्याच सुमारास यवतमाळकडची गाडी थांबली. पुढच्या काही वर्षांत अचलपूरकडचीही थांबली. म्हणजे रुंद करायची म्हणून थांबवली, आणि रुंद केलीच नाही. गावोगाव लोकांच्या डोक्यात ती त्यामुळे बंद झालेली रेल्वे नाही, थांबलेली आहे.

कारंजा हे या लाइनीवरचं सगळ्यात जुनं श्रीमंत गाव. दारव्हा वेस, मंगरूळ वेस, दिल्ली वेस, पोहा वेस अशा वेशी, जुनी जैन मंदिरं आणि नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिर. मामांना मंदिरात जायचं होतं, मी बाहेर बाकावर बसून नकाशा पाहत राहिले. गावाजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. तासाला एकशेवीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून खाली कारंज्याचे रूळ दिसायचे नाहीत, आणि दिसले तरी कुणी थांबणार नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. कापसाचा ट्रक समृद्धीने गेला तर शेतकऱ्याचं चार पैशांनी भलंच होणार.

कारंज्याच्या स्टेशनाजवळ एका जिनिंगमध्ये मामांची ओळख निघाली. तिथे गेलो आणि शकुंतला काही काळ बाजूलाच राहिली. सरकी एका बाजूला पडत होती, रुई दुसऱ्या बाजूला हवेत उडत होती, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. मामांनी ढिगातून मूठभर कापूस उचलला, दोन बोटांत धागा ओढला, तोडला, उजेडात धरला आणि म्हणाले, "पानी लागलं आहे." मालक हसले. रुई दाबून बांधलेली गाठ साधारण 170 किलोची. ती आता थेट ट्रकवर चढते. मामा नोकरीला लागले ते एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात, ती योजना 1972 मध्ये सुरू झाली. त्या काळातसुद्धा त्यांनी या छोट्या रेल्वेत कापूस चढताना पाहिला नव्हता. "आमच्या वक्ती गाठी ट्रकनंच जात." म्हणजे जिच्यासाठी लाइन टाकली ती गाठ आधी उतरून गेली, आणि नंतरची कितीतरी वर्षं लाइन चालली ती माणसांवर. कंपनीच्या हिशेबात माणसं ही मुळात वरकमाई. हा उलटा व्यवहार शेवटपर्यंत कुणाच्याच गणितात बसला नाही असं मला वाटतं.

दुपारनंतर मूर्तिजापूर. जंक्शन. मुख्य लाइनीचे फलाट लखलखीत, गाड्यांच्या घोषणा चालू, आणि बाजूला उतरून गेलं की नॅरो गेजचं आवार. शकुंतलेचं घर म्हणाल तर हेच. यवतमाळहून आणि अचलपूरहून येणाऱ्या दोन्ही लाइनी इथे मिळायच्या, आणि छोट्या डब्यातून आलेली प्रत्येक गाठ इथे हमालांच्या पाठीवरून मोठ्या वॅगनीत जायची. दोन मापांच्या रेल्वेत हा एक जाच कायमचा असतो. स्वस्तात लाइन टाकली तरी शेवटी माल दोनदा हाताळावा लागतो, आणि ट्रक आले तेव्हा याच ठिकाणी रेल्वे हरली. ट्रक शेतातून निघतो तो गिरणीच्या दारात थांबतो.

इथे मालकीची गोष्ट सांगून टाकते, कारण ती टाळता येत नाही. कंपनीची लाइन, पण गाड्या चालवायची मुख्य लाइनवाली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे, कराराने. जीआयपी सरकारकडे आली, 1951 मध्ये मध्य रेल्वे झाली, करार मात्र चालूच राहिला. गाड्या, ड्रायव्हर, गार्ड सरकारी, आणि खालचे रूळ कंपनीचे. यावरून 'अजून इंग्रजांना पैसे जातात' अशी आरोळी दर काही वर्षांनी उठते. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांच्या हाती गेली, तेव्हा साहेबाच्या खिशात काही जात नव्हतं. खरी अडचण वेगळी होती. रूळ आपले नाहीत म्हणून रेल्वे त्यावर हात सोडून खर्च करीना, आणि कंपनीला प्रवाशांशी घेणं-देणं नाही. भाड्याच्या घराचं छप्पर गळतं तेव्हा भाडेकरू आणि मालक जसे एकमेकांकडे बघत बसतात, तसं. लाडखेडच्या कीमननी दाखवलेली ती रिकामी खाच या करारातूनच आलेली आहे.

मूर्तिजापुरात जुन्या इंजिनाची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन 1923 पासून या लाइनीवर होतं आणि 15 एप्रिल 1994 ला ते काढून डिझेल लावलं. सत्तर वर्षांहून अधिक एकच काम! स्टेशनबाहेर चहावाल्याने ते इंजिन आवाजावरून ओळखायचो असं सांगितलं, त्यावर त्याच्या शेजारच्याने "तू तवा चड्डीत होता" म्हणून त्याला गप्प केलं. आवाराच्या कडेला एका सिग्नलच्या खांबाला ओतीव लोखंडाची पट्टी आहे. गंज नखाने खरवडल्यावर 'लिव्हरपूल' एवढं वाचता आलं, साल नाही.

सोमवार : पूर्णेच्या पलीकडे

अचलपूरची लाइन वेगळीच आहे. यवतमाळकडे चढउतार, झुडपं, मधूनच सागाची रांग, आणि इकडे पूर्णेचं खोरं, सपाट, नजर जाईल तिथपर्यंत काळं. लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडली. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं पण खारं, पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. म्हणून शेती पावसावर आणि पावसावरचं पीक म्हणजे कापूस, तूर, हरभरा.

हा गाडगेबाबांचाही मुलूख. त्यांचा जन्म 1876 मध्ये अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, लहानपण मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे गेलं, आणि पूर्णेकाठचं ऋणमोचन त्यांच्या कामामुळे सगळ्यांना माहीत झालं. म्हणजे शकुंतलेच्या या शाखेच्या आसपासच त्यांचं सुरुवातीचं आयुष्य गेलं. दापुऱ्याचा फाटा दिसल्यावर मामांनी हात जोडले, "मामाच्या घरी राह्यलेला मानूस मोठा होते" असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी गिअर बदलला.

दर्यापूरचं स्टेशन बनोसा नावाने. दर्यापूर आणि बनोसा ही जोडगावं, मधून चंद्रभागा नावाची लहान नदी. बनोसा स्टेशनवर दहा मिनिटं थांबलो, पुढे कापूसतळणीला तेवढीही नाही.

अंजनगाव सुर्जी मात्र थांबण्यासारखं. याच गावी 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली यांच्यात तह झाला. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी उत्तरेच्या डोंगरातला गाविलगड इंग्रजांनी घेतला होता. गावात त्याची खूण शोधायला गेलात तर निराशा होईल. अंजनगावची माणसं तहापेक्षा पानांबद्दल जास्त बोलतात आणि ते बरोबरच आहे. इथले पानमळे नावाजलेले, शिवाय पानपिंपळी. ही वेल औषधासाठी लावतात, बारी समाजाचं पिढीजात पीक. सावलीचा मांडव, खाली सतत ओल. मी पहिल्यांदाच पाहिली. बोटाएवढी लांबोडकी फळं, चावून बघितली तर जीभ बधिर.

पानाच्या दुकानात एका बाईंनी रेल्वेचा विषय काढताच काम थांबवलं. त्यांच्या सासूबाई पानाचे करंडे घेऊन शकुंतलेने मूर्तिजापूरला जायच्या. "ओल्या फडक्यात बांधून नेत. गाडी इतकी हळू जाये का फडकं वाळे, मंग डब्यातल्याच बायाईजवळचं पानी मागून शिंपडत." करंड्याचं भाडं कुणी घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. गार्डला पानं मिळायची असणार, असं मामांचं.

पथ्रोट हे माझं या सगळ्या प्रवासातलं आवडतं स्टेशन. गावाच्या कडेला, एका बाजूला संत्र्याची बाग आणि समोर उत्तरेला मेळघाटचे डोंगर निळे दिसतात. फलाटावर तुरीचा काड वाळत घातलेला आणि त्यावर एक आजोबा राखणीला. त्यांनी आम्हाला बसायला पोतं दिलं. त्यांच्या लग्नाची वरात याच स्टेशनवर उतरली होती. नवरदेवाला घ्यायला घोडा आला आणि इंजिनाच्या शिट्टीने घोडा जो उधळला तो थेट गावात. नवरदेव चालत. हे ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगत होते, त्यांची नात मात्र तोंडावर ओढणी दाबून हसत होती. ही कहाणी तिने शंभरदा ऐकलेली असावी.

मग ते जरा चिडून बोलायला लागले. अचलपूरचा दवाखाना, अंजनगावचा बाजार, मूर्तिजापूरहून पुढची मोठी गाडी, सगळं या एका गाडीवर चालायचं. गाडी बंद झाली तेव्हा अचलपूर, अंजनगाव, दर्यापुरात आंदोलनं झाली, सत्याग्रह झाले. त्यातल्या एकाला ते गेले होते. "रुळावर बसलो आमी. पोलीस म्हने उठा. आमी म्हनलं, गाडी येऊ द्या मंग उठतो."

अचलपूरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती ही, इंग्रजांच्या कागदात एलिचपूर. लाइन इथे संपते. एका बाजूला जुना कोट आणि वेशी, दुसऱ्या बाजूला परतवाडा, आणि त्यातून चिखलदऱ्याचा घाट. कापूस पिकतो तिथेच कापड व्हावं म्हणून मुंबईतल्या जुन्या फिनले मिलच्या नावाने अचलपूरला सरकारी मिल उभी राहिली, ती 2020 च्या टाळेबंदीपासून बंदच. म्हणजे कापूस नेणारी रेल्वे गेली, कापड करणारी मिलही थांबली, कपाशी मात्र पहिल्यासारखीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

स्टेशनच्या आवारात कुलूप लावलेल्या खोलीबाहेर भाजीवाला बसतो. त्याचं मत सगळ्यात रोखठोक. त्याला शकुंतला परत नको आहे. "तिनं आता कोन जाते? ब्रॉड गेज करा, अमरावतीले जोडा, नाई तं ही जागा तं मोकळी करा. आमी बाजार भरवू." मामांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी वांगी घेता घेता त्याच्याशी वाद घातला: यवतमाळचं उदाहरण दिलं, वर्धा-यवतमाळ-नांदेड नवी लाइन, 284 किलोमीटर, तिचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, म्हणजे मनावर घेतलं तर होतं. "तथी नवी लाइन, नवी जागा, मालक सरकार," भाजीवाला वांगी तोलत म्हणाला. "अथी आधी मालक ठरवा." मामा पैसे देऊन गाडीत येऊन बसले. माझ्या मते भाजीवाला जिंकला, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

कुणाला ही वाट करायची असेल तर दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात स्टेशनांकडे जाणारे कच्चे रस्ते काळ्या चिखलात गाडी सोडणार नाहीत, आणि उन्हाळ्यात खारपाणपट्ट्यात दुपारी बाहेर पडू नये. लाडखेड, मोतीबाग, मूर्तिजापूरचं आवार आणि पथ्रोट एवढं पाहिलं तरी चालेल. सापांपासून सांभाळून, गवतात काठी आपटत चाला. खिडक्या-दारं उघडून आत शिरू नका, ती जागा आजही कुणाच्या तरी मालकीची आहे. परतताना मूर्तिजापूरला वळसा घालू नका. परतवाड्याहून अमरावतीचा रस्ता चांगला आहे आणि एसटीही वेळेवर मिळते.